आखाजीला बहिणीला आणायला विजेची गाडी नेली, त्याचा हा सगळा हिशेब

आधीच सांगून टाकतो, मी काही गाड्यांचा जाणकार नाही. माझी स्वतःची गाडी अकरा वर्षं जुनी, पेट्रोलवाली, आणि आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी तिची क्लच प्लेट गेली. गॅरेजवाला बोलला सण होऊ द्या मग बघू. आता आखाजीला बहिणीला माहेरी आणायचं तर आमच्याकडे मुराळी जावाच लागतो, ती पोरांना घेऊन एसटीने आली तर आई मला पुढची आखाजी येईपर्यंत ऐकवेल. बहीण दिलीय साक्रीच्या पुढे दहिवेलच्या बाजूला एका गावात, जळगावहून १६३ किलोमीटर. हा आकडा मला आता झोपेतही पाठ आहे, का ते पुढे कळेलच.

आतेभावाने दीड वर्षापूर्वी टाटाची टियागो ईव्ही घेतलीय, २४ युनिटच्या बॅटरीवाली. तो जळगावातल्या जळगावात फिरतो, फार तर भुसावळ. तो म्हणाला, "भाऊ, माझी घेऊन जा की, लाँगवर कशी चालते तेही कळेल." म्हणजे गाडी माझ्या सोयीसाठी दिली का त्याच्या प्रयोगासाठी हे मला अजून कळलेलं नाही. पण दिली. दोन दिवस, ३२६ किलोमीटर, मी आयुष्यात पहिल्यांदा विजेची गाडी चालवली, ते लिहितोय. कोणी खान्देशात राहून घ्यायचा विचार करत असेल तर कामी येईल, पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत आपले प्रश्न नसतात.

सुरुवात फजितीने. ब्रेक दाबून बटण दाबलं, काहीच झालं नाही. परत दाबलं. परत. आतेभाऊ बाहेर उभा राहून हसतोय. मग बोलला, "अरे भाऊ, चालू झाली होती, तू बंद केली, परत चालू केली, परत बंद केली." आवाजच नाही ना. समोर स्क्रीनवर 'रेडी' असं हिरवं येतं तेवढंच, ते आलं की गाडी चालू समजायची. गिअरच्या जागी गोल खुंटी, मिक्सरला असते तशी, ती डी वर फिरवायची आणि निघायचं. क्लच नाही हे माहीत असूनही माझा डावा पाय पाळधीपर्यंत हवेत क्लच शोधत होता.

आणि मग पिकअप. हे लिहून सांगता येत नाही, तरी सांगतो. पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलेटर दाबतो, इंजिन ओरडतं, विचार करतं, मग गाडी निघते. इथे पाय टेकवला की गाडी गेलेलीच असते, कारण मोटरला आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही, पूर्ण ओढ शून्यापासूनच असते. बांभोरीला गिरणेच्या पुलानंतर एका केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं होतं, स्पोर्ट मोड टाकून दाबलं, आणि ट्रक आरशात कधी गेला ते कळलंच नाही. मी एकटाच होतो गाडीत, तरी "आयला" असं मोठ्याने बोललो. कागदावर मोटर ७४ हॉर्सपॉवरचीच आहे, म्हणजे फार काही नाही, पण शहरातल्या स्पीडला ती तिच्या आकड्यापेक्षा भलती चपळ वाटते. ऐंशीच्या पुढे मात्र ही मजा ओसरते, आणि ऐंशीच्या पुढे जायचंही नसतं, तेही पुढे येतं.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे रीजन. पाय ॲक्सिलेटरवरून उचलला की मोटर उलटी जनरेटर बनते, गाडी हळू होते आणि ती शक्ती परत बॅटरीत जाते. याच्या पायऱ्या आहेत, शून्य ते तीन. तीनवर टाकलं की पाय सोडल्याबरोबर कोणीतरी मागून कासरा ओढल्यासारखं होतं. एरंडोलच्या गर्दीत मी ब्रेकला जवळपास हातच, म्हणजे पायच, लावला नाही. पण तिथेच दुसरी गंमत, पुढे एक जण केळीची हातगाडी घेऊन रस्त्याच्या मधोमध चाललेला, मी त्याच्या मागे अर्धा मिनिट, त्याला पत्ताच नाही. शेवटी बारीकसा हॉर्न दिला तर तो असा दचकला की दोन फण्या खाली. उतरून उचलून दिल्या. गाडीकडे खालून वरून बघत म्हणतो, "हाई गाडी आवाज नई करस का?" नाही करत बाबा, आणि हे चालवणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं. आपल्या गावात लोक गाडी बघून नाही, ऐकून बाजूला होतात.

हिरवी नंबर प्लेट बघून माणसं थांबवतात हेही एक आहे. पारोळ्याला चहाला थांबलो तर पाच मिनिटांत चार जण. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "कितलं देस?" ॲव्हरेज हो. आणि मी खरं उत्तर देऊ शकत नव्हतो कारण मलाच ते तेव्हा कळत होतं. एकाने विचारलं टोल माफ आहे ना? नाही. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणात माफी आहे ती समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू असल्या रस्त्यांवर, आपल्या सुरत-नागपूर हायवेवर फास्टॅगमधून गुपचूप कटतात.

तर रेंज. २०२२ साली ही गाडी आली तेव्हा २४ युनिटवालीची रेंज ३१५ सांगितलेली, पण ती चाचणीतली, ठरावीक पद्धतीने चालवून काढलेली, आणि चाचणीत आपल्याकडचं ४३ डिग्रीचं ऊन नसतं. आतेभावाने रात्रभर लावून १०० टक्के करून दिली तेव्हा स्क्रीन २१० दाखवत होती. मी ठरवलं की किलोमीटरवर विश्वासच ठेवायचा नाही, फक्त टक्के बघायचे आणि डायरीत लिहायचे. जळगाव ते धुळे ९५ किलोमीटर, एसी चालू, स्पीड सत्तर ते पंच्याहत्तर, लागले ४६ टक्के. म्हणजे एका टक्क्याला दोन किलोमीटर आणि वर थोडंसं. युनिटमध्ये म्हणाल तर साधारण साडेआठ किलोमीटर एका युनिटला. मधे दहा किलोमीटर मुद्दाम नव्वदने चालवून बघितली तर टक्के असे पडले जसे काही टाकीला भोक आहे. स्पीड वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे पुस्तकात असतं, इथे ते डोळ्यासमोर घडतं. पेट्रोल गाडीतही तेच होत असतं पण काटा इतका सुस्त असतो की आपल्याला कळत नाही.

धुळ्यात शिरलो तेव्हा ५४ टक्के. पुढे ६८ किलोमीटर. गणित बरोबर बसत होतं पण मला गणितावर भरवसा नव्हता, म्हणून आधीच ॲपवर बघून ठेवलेल्या चार्जरवर गेलो. धुळ्याच्या बाहेर हायवेला एका हॉटेलच्या आवारात. कंपनीचं नाव नाही घेत. दोन गन, एक मेलेली, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दुसरी चालू. ॲप डाउनलोड करा, ओटीपी, वॉलेटमध्ये कमीत कमी दोनशे टाका, क्यूआर स्कॅन करा, आणि हे सगळं टिनाच्या शेडबाहेर उन्हात उभं राहून, मोबाईल गरम होऊन स्क्रीन अंधारी पडलेली. गन लावली. ही गन म्हणजे पेट्रोलचा पाईप नाही बरं का, जाड केबल, अवजड, आणि उन्हाने इतकी तापलेली की मी रुमाल गुंडाळून धरली. चार्जिंग सुरू झालं, आत पंखा घूं घूं सुरू झाला, मी खुश होऊन शेवभाजीची ऑर्डर दिली. तर्री येईपर्यंत मोबाईलवर मेसेज, चार्जिंग थांबलं. मोजून दोन मिनिटं चाललं होतं. परत लावली, लागेना. कस्टमर केअरला फोन केला, बाई फार गोड बोलल्या, मशीन रिस्टार्ट करते म्हणाल्या, झालं नाही. वॉलेटमधले पैसे पाच ते सात दिवसांत येतील म्हणाल्या. हे लिहितोय तो अकरावा दिवस. हॉटेलवाल्याला विचारलं तर तो बोलला मशीन आमचं नाही साहेब, जागा फक्त आमची. शेवभाजी मात्र जबरदस्त होती, ती त्याची होती.

तर ५४ टक्क्यांवर निघालो. आणि आता ह्या सगळ्या प्रवासातली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

धुळ्याहून साक्रीला मी निदान तीस वेळा गेलो असेन. रस्ता सपाट आहे अशी माझी पक्की समजूत. कुसुंबा, नेर, साक्री, कुठे घाट नाही की काही नाही, घाट लागतो तो दहिवेलच्या पुढे कोंडाईबारीचा, तिथवर मला जायचंच नव्हतं. पण टक्के भराभर पडायला लागले. धुळ्यापर्यंत टक्क्याला दोन किलोमीटर येत होते, इथे दोन पण नाही. मला वाटलं बॅटरी गरम झाली, का काही बिघडलं, का टायरमध्ये हवा कमी. नेरच्या पुढे घाबरून एसी बंद केला, काचा खाली केल्या, तर बाहेरून भट्टीची हवा. शर्ट पाठीला चिकटलेला. एसीने तसं फार खात नाही, तासाला एखादं युनिट, पण तेव्हा ते एक युनिटही माझ्या काळजाला लागत होतं. आणि मग बाजूला पांझरा नदी दिसली, कोरडीठाक, मधे कुठे डबकं. आणि डोक्यात ट्यूब पेटली. पांझरा साक्रीकडून धुळ्याला वाहते. म्हणजे मी नदीच्या उलट दिशेने चाललोय. म्हणजे हा सगळा रस्ता चढ आहे! इतका हळू चढ की डोळ्याला दिसत नाही, बैलगाडीवाल्याला पूर्वी माहीत असेल, सायकलवाल्याला माहीत असेल, मला वीस वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. पेट्रोल जाळताना जमीन कशी आहे हे विचारायची वेळच येत नाही.

साक्री गेल्यावर डोंगराच्या अंगाला पवनचक्क्या दिसायला लागतात. ब्राह्मणवेलची पवनचक्क्यांची वसाहत याच तालुक्यातली, आणि शिवाजीनगरचा सोलर प्रकल्पही साक्रीचाच. मला हसू आलं, वीज इथे एवढी पिकते आणि मी १९ टक्क्यांवर घाम पुसतोय. तसं बघितलं तर जळगावला रात्री भरलेली वीज बहुतेक कोळशाचीच असणार, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी भुसावळला जाताना रोज दिसते. त्यामुळे ही गाडी एकदम पवित्र वगैरे आहे असं मी म्हणणार नाही. धूर गाडीच्या मागे नाही, दीपनगरला आहे. पण पवनचक्की आणि सोलर वाढले की हीच गाडी, काही न बदलता, आपोआप स्वच्छ होत जाते, हे पेट्रोल गाडीचं कधीच होणार नाही, एवढं मान्य करावं लागतं.

गावात पोचलो, १७ टक्के. बहिणीचे सासरे, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, ओट्यावरच बसलेले. पाणी-चहा झाला. मी अधीर, पहिले गाडी लावतो म्हटलं. घरी बारीक गिरणी आहे दळणाची, तिच्यासाठी १५ अँपिअरचा मोठा पॉइंट ओसरीत काढलेला, हे मी फोनवर आधीच विचारून घेतलं होतं, फार शहाणा ना मी. एक्स्टेंशन लावायचं नाही असं आतेभावाने बजावलेलं, वायर तापते म्हणून, त्यामुळे तात्यांचा ट्रॅक्टर हलवून, बैलगाडीचं जू बाजूला करून, गाडी पार ओसरीला नेऊन चिकटवली. प्लग लावला. चार्जरच्या डब्यावर लाल दिवा.

परत लावला. लाल. गाडीत पुस्तक होतं ते काढलं, त्यात लिहिलेलं, अर्थिंग नाही.

आता हे नीट सांगतो कारण हेच कुठल्या रिव्ह्यूत नसतं. तुमचा मिक्सर, फ्रिज, गिरणी, हे सगळं अर्थिंग नसलं तरी चालतं. मग तिसरी पिन नुसती शोभेला उरते. पण गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज सोडतच नाही. कारण सोपं आहे, गाडी उभी असते रबराच्या टायरवर, कुठे करंट लीक झाला तर तो जमिनीत जायला रस्ता नाही, मग तो रस्ता म्हणजे दाराला हात लावणारा माणूस. त्यामुळे चार्जर अडून बसतो ते बरोबरच. पण संध्याकाळी पाच वाजता, १७ टक्क्यांवर, बहिणीच्या सासरी, अंगणात निम्मं गाव जमलेलं असताना, ते बरोबर आहे असं वाटत नाही.

तात्यांनी वायरमनला बोलावलं. पोरगा हुशार. त्याने होल्डरला लावलेला बल्ब काढला, दोन वायरी. एक फेजला एक न्यूट्रलला, बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची काढून अर्थला लावली, तर बल्बात नुसती तार लाल, विडी ओढावी तशी. तो बोलला अर्थिंग आहे पण मेलंय. (हे कोणी घरी स्वतः करून बघू नका, वायरमनलाच करू द्या.) मग सगळी वरात घराच्या मागे, न्हाणीजवळ, तिथे कोणे एके काळी अर्थिंगचा खड्डा केलेला. वरून विटा, विटांवर जळण, जळणाखाली विंचू. ते सगळं उपसलं. खाली पट्टीला जोडलेली तार गंजून हिरवी झालेली, जोड हाताने हलवला तर सुटूनच आला. त्याने पॉलिश पेपरने घासून नवी तार आवळली. मग म्हणाला खड्डा कोरडा आहे, पाणी ओता, मीठ असेल तर टाका. एप्रिल-मे मध्ये आपली जमीन अशी वाळते की तिच्यातून करंट जात नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ओल धरून ठेवायला. तात्यांनी स्वतः बादल्या आणल्या. बहिणीने दोन किलो खडेमीठ दिलं. सहा बादल्या पाणी गेलं असेल. आणि तेवढ्यात भिंतीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय हो पाव्हना, हाई गाडी पानीवर चालस का?" सगळं अंगण हसलं, मी पण हसलो, पण खरं सांगू का, त्या दिवशी ती पाण्यावरच चालली.

साडेसातला परत प्लग लावला. हिरवा दिवा. टाळ्या वाजल्या भाऊ, खोटं नाही सांगत.

मग जेवण. खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, कुरडई. साडेदहाला लाईट गेली. मी ताटावरून नाही पण मनातून उठलो. एक वाजता आली. मी जागाच होतो, खाटेवरून गाडीचा दिवा दिसत होता, तो परत मिणमिणायला लागला तेव्हा झोप लागली. लाईट आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं, उठून काही करायला लागत नाही, हे चांगलं आहे. सकाळी साडेपाचला बघितलं, ९० टक्के. घरच्या प्लगवर दहा टक्क्यांवरून पूर्ण व्हायला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात, म्हणजे रात्र पुरते, पण अख्खी रात्र लागते, मधे लाईट गेली तर सकाळी तेवढं कमी. तात्यांना विजेचे पैसे द्यायला गेलो तर मला असं बघितलं की मी नोट खिशातच चुरगाळली.

येताना गाडीत बहीण, दोन भाचे, आणि सामान. डिकी २४० लिटरची आहे, पण लिटरमध्ये बिबड्यांचा डबा, कुरडयांची पिशवी, लोणच्याची बरणी, अर्धं पोतं बाजरी आणि एक पोरांची सायकल मोजता येत नाही. सायकल ठेवून यावी लागली, धाकट्या भाच्याने साक्रीपर्यंत भोकाड पसरलं. चार्जरचा डबाही डिकीतच राहतो, ती जागा धरा.

बहीण गाडीत बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "दादा, केवढी शांत आहे रे," आणि पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "दादा, सारखे काय झटके देतोस, मोठ्याला मळमळतंय." ही माझी चूक. रीजन तीनवर ठेवून मी पाय खालीवर करत होतो, चालवणाऱ्याला मजा येते, मागे बसणाऱ्याच्या पोटात ढवळतं. एकवर केलं, पाय हळू उचलायला शिकलो, मग ठीक. घरात लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर एकवरच चालवा, वीज थोडी कमी वाचेल पण गाडी धुवायला लागणार नाही.

आणि मजा बघा. तोच रस्ता, तेच ६८ किलोमीटर, आता चार जण, सामान, आणि एसी पूर्ण वेळ चालू. लागले ३३ टक्के. जाताना एकटा, रिकामी गाडी, अर्ध्या वाटेवर एसी बंद, तरी ३७ लागले होते. पांझरेने मला चार टक्के दिले. मी बहिणीला हे उत्साहाने सांगितलं, ती म्हणाली बरं. तिला सासर चढावर आहे आणि माहेर उतारावर यात नवीन काही वाटलं नाही.

धुळ्यात ५७ टक्के. पुढचे ९५ किलोमीटर भरल्या गाडीत ४८ टक्के खातील असा अंदाज, म्हणजे पोचलो असतो, पण नऊ टक्क्यांवर पोरं गाडीत घेऊन मला हिंमत नव्हती. दुसऱ्या एका चार्जरवर गेलो, हा व्यवस्थित चालला. २० मिनिटांत ८० टक्के. ६ युनिट, २० रुपये दर, त्यावर १८ टक्के जीएसटी, १४२ रुपये झाले. पोरांनी आईस्क्रीम खाल्लं त्याचे जास्त झाले. फास्ट चार्जरवर ऐंशीच्या पुढे थांबू नका, पुढे ती बॅटरी जपायला वेग कमी करते आणि मागचा माणूस तुमच्याकडे बघत राहतो. जळगावला ३२ टक्क्यांवर घरी.

पैशांचं सांगतो. ३२६ किलोमीटरला बॅटरीतून साधारण ३९-४० युनिट गेले, चार्जिंगमध्ये थोडे वाया जातात ते धरून ४३-४४. घरच्या मीटरवर दर तुमच्या स्लॅबवर ठरतो, दहा रुपये धरले तर साडेचारशेच्या आत सगळं आलं. माझ्या पेट्रोल गाडीला १८ चा ॲव्हरेज धरून १८ लिटर, लिटर शंभराच्या वरच आहे, म्हणजे अठराशेच्या पुढे. फरक मोठा आहे. पण सगळंच बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं असतं तर हजाराला पोचलं असतं, वर तो वेळ आणि ते उन्हात स्कॅन करणं. म्हणजे ही गाडी घरी भरली तरच स्वस्त, हे स्पष्ट.

मग घ्यावी का? जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही शहरात घर आहे, दाराशी गाडी लावायला स्वतःची जागा आहे, रोजचं पन्नास-साठ किलोमीटर आहे, तर मी म्हणेन डोळे झाकून घ्या, गाडी चालवायला इतकी सोपी आहे की माझा डावा पाय अजून तिची आठवण काढतो. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, ती उष्णतेला त्यातल्या त्यात सोशिक, आणि वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, तरीही आपल्या उन्हात सावलीत लावा. अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहता आणि पार्किंगला पॉइंट नाही, तर थांबा. आठवड्याला सुरत किंवा नाशिक असेल तर मोठ्या बॅटरीची बघा, ही नाही. आणि खेड्यात घर असेल तर शोरूमला जायच्या आधी वायरमनला बोलवा. लाईट चोवीस तास आहे का हे सगळे विचारतात, अर्थिंग कोणी विचारत नाही.

किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा आतेभावाने माझी टक्क्यांची डायरी ठेवून घेतली, पुढच्या महिन्यात तो नवापूरला जाणार आहे. परवा तात्यांचा फोन आला, बहिणीची खुशाली विचारली आणि मग म्हणाले, फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या, चार वर्षं येत होत्या, त्या बंद झाल्या. ते ऐकून मी आमच्या घरी वायरमनला बोलावलं, बल्ब लावून बघ म्हटलं. फेज-न्यूट्रल लख्ख. फेज-अर्थ, तार लाल सुद्धा नाही, पूर्ण अंधार. खड्डा कुठे आहे तेच कोणाला आठवत नाहीये. वडील म्हणतात पेरूच्या झाडाखाली, आई म्हणते जिन्याच्या खाली, त्यावर आम्ही फरशी बसवली २०१६ ला.